विमलला मी बाद केलं

आमचं गाव वाळव्याकडचं, कृष्णाकाठी. वडलांना आमी आबा म्हणायचो, ते फौजेत हुते. पलटणीत सायबांचं क्रिकेट बगून त्यास्नी नाद लागला, पर पेन्शनीवर घरी आल्यावर खेळणार कुणासंगं? दोन्ही भाऊ तालमीतले, त्यास्नी ह्यो खेळ पोरीबाळींचा वाटायचा, हसू नका, खरंच सांगती. मग ऱ्हायले मीच. आबांनी खळ्यावर काथ्याची चटई आंथरली आन मला फिरकी शिकवली.

पुढं शिकायला सांगलीला मावशीकडं आले, तितं विमल भेटली. हळदीच्या अडत्याची पोर, पर बॅट धरली की लय कडक. संगंच पुण्याला निवडीला गेलो, संगंच भारताच्या संघात आलो. पॅडची जोडी दोघीत एकच, रेल्वेच्या एकाच बाकड्यावर पाय दुमडून झोपायचो. परदेशातल्या बायका हिकडं खेळाय आल्या तवा मी भारताकडनं खेळले. आबा पदकं लावून बघाय आले. काय सांगू तुमाला, माणूस हसत न्हवता, पर मिशा हालत हुत्या.

पर त्या खेळावर पोट कुटं भरतंय? मिरजंला नर्सिंग केलं हुतं, हॉलंडात नर्सा पायजेत म्हणून आमच्यातल्या काय जणी गेल्या, त्यात मी. वाटलं, सपलं क्रिकेट. तर वॉर्डातलीच एक नर्स म्हणाली, आमी खेळतो, बगाय ये. गेले, तर तितं बी चटईच आंथरलेली! माजा चेंडू त्यांच्यातल्या कुणाला कळंना. घेतलं मला क्लबात, आन पुढं त्यांच्या देशाच्या संघात बी घेतलं. तवर कळलं, भारताच्या पोरी तिकडं खेळाय येणार. त्यात विमल.

मदीच रजेवर गावी आले. आबांना सांगायचं तर तोंड उघडंना. शेवटाला उसाला पाणी पाजत हुते तितं जाऊन सांगितलं. आबांनी खोरं खाली ठेवलं. म्हणाले, ज्या झेंड्याला मी सलाम केला त्याच्याम्होरं तू हुबी ऱ्हाणार व्हय? मी म्हणले, आबा, ती माणसं मला आपलं मानत्यात. आबांनी पाटात हात धुतले. मग म्हणाले, जायचंच असंल तर चेंडू खोटा टाकू नगंस, विमल हाय म्हणून सोपा टाकलास तर तू माजी पोर न्हाईस. एवढं बोलून खोरं उचललं आन परत पाण्याची दारं धराय लागले. मी निघाले तवा फाट्यापातुर सोडाय बी आले न्हाईत.

सामन्याच्या दिशी थंडी अशी, की बोटं वळंनात. विमल आली, माज्याकडं बगितलं बी न्हाई, आन आल्या आल्या दोन चौके हाणले. मग मी चेंडू जरा उंच सोडला. ती म्होरं आली, चेंडू चटईवर पडून वळला, मागं कीपरनं यष्ट्या उडवल्या. जाताना माज्याजवळ थांबली. म्हणाली, सुले, हात इसरला न्हाई गं तुजा. सामना भारतानंच जिंकला. मला रडू आलं, ते हारल्याचं का जिंकल्याचं, माजं मलाच कळंना.

आता फुडचं ऐका. विमल परत आल्यावर एस्टीनं आमच्या गावाला गेली, जा म्हणून मी सांगितलं बी न्हवतं. आबांना म्हणाली, पयल्यांदा दोन चौके गेले, मग तुमच्या पोरीनं मला बाद केलं. आबांनी इचारलं, ते दोन चौके तिनं दिले का तू मारलेस? ती म्हणाली, मी मारले. मग आबांनी तालमीतनं भावांस्नी बोलवून घेतलं आन तिला सगळं परत पयल्यापासनं सांगाय लावलं.

पुढल्या रजेला आले तर आबा फाट्यावर हुबे. माज्या हातातली बॅग घेतली, चालाय लागले. जरा येळानं इचारलं, त्यांच्यात तुज्याबिगर दुसरी फिरकी टाकणारी हाय का न्हाई? मी हाय म्हणले, तर घर येईस्तवर तिचंच इचारत हुते.

आबा गेले, लय वर्सं झाली. नोकरी सपवून मी सांगलीत आले. गुडघं गेलं, तरी सकाळी खुर्ची टाकून मैदानावर शिकवाय बसती. तासगावकडनं, आटपाडीकडनं पोरी येत्यात, आया गाडीवरनं सोडाय येत्यात. पोरगी खेळती कशाला, आसं आता कोण म्हणत न्हाई; उलट, बाई, हिला संघात कवा घेणार, म्हणून माज्याशी भांडत्यात. भांडू द्या. लय बरं वाटतं बगा. देव सगळ्यांच्या पोरींचं भलं करो.