आयताचे कर्ण आणि माझी लाल फुली

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब वेणीमाधवपंत, मुख्याध्यापिका शकुंतलाबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले शाळा समितीचे सभासद, माझे सहशिक्षक, आजी-माजी विद्यार्थिनी आणि या उकाड्यात माझ्यासाठी ताटकळलेल्या सोलापूरकर बंधुभगिनींनो,

आत्ताच माझ्या निवृत्तीचे मानपत्र वाचले गेले. भाषा फार गोड आहे. इतकी गोड, की ऐकताना मला मळमळले. सभेत हा शब्द शोभत नाही हे मला कळते, पण दुसरा सापडत नाही. ‘दोरी ताणून कर्णांचा चढ समजावण्याची युक्ती कमलाकर मास्तरांनी स्वतः शोधली,’ या वाक्याला आपण केवढ्या टाळ्या दिल्यात! ती युक्ती माझी नाही. मी ती चोरलेली आहे.

थांबा, पुढच्या रांगेतील मंडळींनी एकमेकांकडे पाहू नये. उन्हाने माझे डोके फिरलेले नाही.

रेषेचा चढ म्हणजे काय हो? आडवे किती गेलो आणि तेवढ्यात उभे किती चढलो, बस्स. यात अवघड काय आहे? तरी ते मला पंचवीस वर्षे धड आले नव्हते. मी फळ्यावर ‘आयत’ म्हणून जी आकृती काढत असे, ती दर खेपेस चौरस निघे. हाताला वळणच तसे पडले होते. चौरसाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. म्हणून मी बेधडक शिकवीत आलो, की कोणत्याही आयताचे कर्ण काटकोनातच छेदतात. मुली लिहून घेत, पाठ करीत आणि पास होत. इन्स्पेक्टर साहेब येऊन ‘उत्तम’ असा शेरा देऊन जात. कोणालाच काही खुपले नाही.

सन अठ्ठावीसच्या वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला: चौकटीच्या कागदावर आठ घरे लांब आणि तीन घरे उंच अशा आयताच्या दोन्ही कर्णांचा चढ सांगा. सिद्धलिंगप्पा विणकरांची रुद्राणी तेव्हा सातवीत होती. तिने लिहिले, ‘एक कर्ण आठात तीन चढतो, दुसरा आठात तीन उतरतो. तिरकेपणा दोघांचा सारखा, तोंडे मात्र दोन दिशांना.’ आणि खाली एक ओळ आपल्या मनाची, ‘फुली चपटी पडते, काटकोनात पडत नाही.’

माझ्या हिशेबी, काटकोन पडायचा तर, दुसरा कर्ण तीनात आठ उतरायला हवा होता! मी लाल पेन्सिलीने त्या उत्तरावर फुली मारली. भूमितीत ती दोन गुणांनी नापास झाली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजासाठी शाळा एकाच मुलीची शिफारस करीत असे. ती तिची होणार होती, ती दुसरीची झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती वर्गात दोरी घेऊन आली. म्हणाली, “सर, माग जोडताना आमचे अप्पा कोपऱ्यातनं कोपऱ्यात दोरी ताणतात. दोन्ही खेपेला दोरी सारखी भरली, की माग सरळ हाय म्हणायचं. पन माग लांब असतो की. मधली फुली काटकोनात कशी पडंल? तुमचा आयत फळ्यावर नेहमी चौरसच असतो, सर.”

यावर मी काय म्हणालो? “माग घरी चालव. इथे भूमिती चालते.” सगळा वर्ग हसला. मीही हसलो. ते हसणे आठवले की आजही मला माझीच किळस येते.

मग तिचे वडील आले. पायरीवर उभे राहून म्हणाले, “मास्तर, पोरगी चुकली असंल तर चुकली म्हना. पन कुटं चुकली ते तरी दावा की.” मी म्हणालो, पुस्तकात पाहा. पुस्तकात काय होते, हे मीही पाहिले नव्हते. ते गेल्यावर मी आठ-तीनचा आयत नीट आखला आणि कर्णांच्या छेदावर गुण्या ठेवला. तो बसला नाही. फिरवून ठेवला, तरी बसला नाही. मग मी गुण्या कपाटात टाकला आणि कुलूप लावले. पुढल्या वर्षापासून मात्र मी दोरी ताणून शिकवू लागलो! त्याचेच हे मानपत्र.

रुद्राणी सहा वर्षे घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते आहे, आणि सकाळी गल्लीतल्या पोरींना अंकगणित शिकवते. आपल्याच शाळेत कनिष्ठ शिक्षिकेची जागा निघाली आहे. तिने अर्ज केला. समितीने परत पाठवला. शेरा काय? ‘भूमितीत अनुत्तीर्ण.’

आज दुपारी मी ते जुने गुणपत्रक दुरुस्त केले, खाली कारण लिहिले, सही केली आणि रावसाहेबांच्या घरी गेलो. त्यांची सही झाल्याखेरीज दुरुस्ती धरत नाहीत. रावसाहेब म्हणाले, “कमलाकरपंत, शाळेची अब्रू जाईल. शाल घ्या आणि सुखाने घरी बसा.”

रावसाहेब, आपले माझ्यावर उपकार आहेत, ते मी विसरलेलो नाही. पण असल्या अब्रूचा मला वीट आला आहे. गुणपत्रक आपल्यापुढे ठेवतो आहे. दौत आणि टाक मी घरून आणला आहे. आजचा दिवस मी या शाळेचा नोकर आहे, उद्या माझ्या सहीला कोणी विचारणार नाही. आपली सही होईपर्यंत ती शाल घडी करूनच असू द्या.

शकुंतलाबाईंनी हा समारंभ मनापासून घडवून आणला, विद्यार्थिनींनी गीत म्हटले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत. सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झाले असेल, झालेच आहे, तर राग माझ्यावर धरा. तिच्या अर्जावर धरू नका.