सोऱ्यात न बसलेली चकती

संजीवनी : बसत नाही म्हटलं ना! पीठ मळून ठेवलंय, तेल तापलंय, आणि तू भोसरीहून करवून घेतलेली ही चकती सोऱ्यात जातच नाही.

चारुदत्त : मग जुन्या चकतीने पाड चकल्या. नवी दे इकडे.

संजीवनी : थांब. जुनी शोधायला मी स्टुलावर चढले. माळ्यावर चादरीत गुंडाळलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि लाकडी दस्ता. ही चकती त्या नळीवर फिरवली, तर गच्च बसली. कसला सोऱ्या आहे हा, चारू?

चारुदत्त : हळू बोल. शेजारी ऐकतील.

संजीवनी : अख्ख्या क्वीन्सटाउनात मराठी कळणारं कोण आहे? बोल.

चारुदत्त : रायफल आहे. टेकडाऊन. म्हणजे सगळी सुटी होते, सॅकमध्ये मावते. एक नळी काढून दुसरी लावली की वेगळीच रायफल. फार सुंदर काम असतं गं ते. मला फक्त बनवून बघायची होती.

संजीवनी : बंदी आहे म्हणून साधं च्युइंगम आणायला घाबरतोस तू या देशात!

चारुदत्त : जोडत नाही तोवर ती बंदूक नाहीच. नुसते सुटे भाग आहेत.

संजीवनी : हे तुझं तू ठरवलंस. नळ्या बघून संशय आला, म्हणून तू आंघोळीला गेलास तेव्हा मी फोनवर वाचलं. इथे सुटा भागही चालत नाही. तुरुंग, आणि पुरुषांना वर वेताचे फटके. बायकांना फटके नाहीत, तेवढी सवलत आहे मला.

चारुदत्त : तुझा काय संबंध?

संजीवनी : माझा काय संबंध? चांगी विमानतळावर माझी बॅग उघडली होती त्यांनी. कस्टमचा मुलगा ही चकती हातात धरून विचारत होता, हे काय. मी त्याला सोऱ्या कसा दाबतात ते हातवारे करून दाखवलं. दिवाळी, चकली, सगळं सांगितलं. तो हसला, ओके लाह आंटी म्हणाला. मीही हसले. बावळट मी.

चारुदत्त : बघ, गेलीच ना सुखरूप? उगाच आकांडतांडव करू नकोस. पुढच्या आठवड्यात तू भाऊबीजेला पुण्याला जातेच आहेस. चकती घेऊन जा परत. नळ्यांचं मी बघतो.

संजीवनी : काय म्हणालास?

चारुदत्त : सोऱ्याबरोबरच ठेव. बाईच्या बॅगेतलं स्वयंपाकाचं सामान कोणी फार बघत नाही.

संजीवनी : म्हणून माझ्या बॅगेत घातलीस. विसरून नाही, चुकून नाही. मुद्दाम.

चारुदत्त : तसं नाही गं.

संजीवनी : मग तू का नाही नेत? तूही जातोस की पुण्याला.

चारुदत्त : मी सापडलो तर नोकरी जाईल, संजू. इथला कामाचा पास रद्द होईल. सगळंच संपेल.

संजीवनी : आणि मी सापडले तर?

चारुदत्त : तुला कुठे नोकरी आहे?

(गॅस बंद केल्याचा आवाज.)

चारुदत्त : मला तसं म्हणायचं नव्हतं. हे बघ, मी आज रात्रीच ईस्ट कोस्टला जाऊन सगळं समुद्रात टाकतो. कुणाला कळणार नाही.

संजीवनी : मला कळलंय. चादर खाली काढ. सगळं त्या सॅकमध्ये भर. मावतं म्हणालास ना?

चारुदत्त : कुठे निघालीस?

संजीवनी : पोलीस चौकीत. आणली मी, हे मी सांगणार. कोणी आणवली, ते तू सांगायचंस.

चारुदत्त : वेड लागलंय का तुला? निदान वकिलाला तरी विचारू. संजू, दार लाव ते.

संजीवनी : वाटेत कर फोन वकिलाला.

चारुदत्त : बरं, थांब. पासपोर्ट घेऊ का?

संजीवनी : तुझा घे. माझा मी घेतलाय.