घाम न येणारा कोट

माणसाचं शरीर हे निसर्गाचं सर्वात शहाणं यंत्र आहे, असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलं होतं. त्याखालच्या बाकावर एक शिंपी जाड कोट घालून बायकोच्या खांद्यावर कलंडले होते.

"भर उन्हात कोट घालून दुकानाच्या दारात उभं राहायचं खूळ कुणाचं?"

"यात घाम येत नाही, हे गिऱ्हाईकाला दिसायला नको? महिन्यात एक कोट खपलेला नाही."

"म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब नाही?"

"प्यायलो असतो तर घाम आला असता."

"आला असता तर चक्कर आली नसती."

"पडलो तेव्हाही कोट कोरडाच होता."

"आता तरी काढा हो."

"हळू बोल. समोरचे गृहस्थ कोटाकडेच बघतायत."

कंपाउंडर सलाइन घेऊन आला. बाही वर सरकेना, म्हणून त्याने ती कात्रीने खांद्यापर्यंत कापली.