पुसाची कमांड

आमच्या कारंज्याच्या शेठचं ऐका. त्यांच्या धान्याच्या गोदामासाठी मी एक प्रोग्राम लिहून देल्ला होता. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप कराची. माल किती हाय ते पाह्याचं असन तं डॅश एस, बस. पण सीझन संपल्यावर सगळा साठा पुसाचा असन तं दोन डॅश देऊन कमांडचं इंग्रजीत पुरं नाव लिहा लागे.

शेठ म्हणे, "पाह्याले एक अक्षर, अन् पुसाले एवढं लांब काहून?"

मी म्हटलं, "शेठ, धोक्याच्या कामाले लहान नाव देत नसतात. लिहिता लिहिता माणसाले विचार कराले वेळ भेटते."

"मी विचार करूनच खुर्चीवर बसतो. एका अक्षराचं कर."

मालक हाय बाप्पा, करून देल्लं. डॅश डी.

आता कीबोर्डवर एस अन् डी शेजारी शेजारी. पुढच्याच हप्त्यात गिऱ्हाईक समोर बसलं होतं. शेठ तूर पाह्याले गेले, बोट सरकलं, अन् तूर, सोयाबीन, हरभरा, सगळं गोदाम स्क्रीनवर रिकामं. आदल्या दिवशीची कॉपी माह्याजवळ होती म्हणून निभावलं.

शेठचा फोन आला, "ते नाव पुन्हा लांब कर. इतकं लांब, का तुले विचारल्याबगर मले लिहिताच नाही आलं पाह्यजे."

केलं. तवापासून पुसाचं मनात आलं का शेठ मले फोन लावतात. पह्यला फोन मी उचलतच नाही; तेवढाच विचार कराले वेळ.

दुसरा अजून तं आला नाही.