कुसुमताईंना पत्र

श्यामसुंदर: ...आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत. झालं. सही करतो.

पद्मजा: सहकार्य? अहो, कुसुमताईंनी मला समुद्रातून ओढून काढलं. कचेरीतली फाईल नाही पुढे सरकवली.

श्यामसुंदर: आभार म्हणजे आभार. आणखी काय लिहायचं?

पद्मजा: मासळीची पाटी वाळूत टाकून ती छातीभर पाण्यात आली, ते लिहा. घरी नेऊन कोरडं लुगडं नेसवलं, चुलीशी बसवून गरम पेज पाजली. वर एसटीत बसवून द्यायला आली. अलिबागला आपलं कोण होतं हो?

श्यामसुंदर: पोस्टकार्ड आहे. पाटी मावायची नाही त्यात.

पद्मजा: मग आंतर्देशीय आणा. आणि तिनं सकाळीच बजावलं होतं, तेही लिहा. ‘आज पंचमी हाय, साडेअकराच्या आत किल्ल्यातून परत फिरा, नायतर वाट पाण्याखाली जाईल.’ त्यावर तुम्ही काय म्हणालात?

श्यामसुंदर: आठवत नाही.

पद्मजा: ‘आमच्या वेळापत्रकात किल्ला एक वाजेपर्यंत आहे.’

श्यामसुंदर: एसटीच्या वेळा बघून केलं होतं ते. भरती तिथीवर चालते, हे कोथरूडच्या माणसाला काय ठाऊक?

पद्मजा: सांगितल्यावर तरी कळावं. आंग्र्यांचं आरमार जिथं नांदलं, तिथल्या बाईला पाण्यातलं जास्त कळणार की तुम्हाला?

श्यामसुंदर: पद्मजा, राहू दे ते पत्र.

पद्मजा: का? एवढं लागलं का बोलणं?

श्यामसुंदर: तसं नाही. खोटं लिहिलंय मी. ‘लाटेनं आमची ताटातूट झाली.’ लाटबीट काही नव्हती. पाणी कमरेला लागलं, पाय सरकला आणि मी तुझा हात सोडला. घाबरलो गं. दोन्ही हातांनी खडक धरला. मागे वळून पाहिलं, तेव्हा तिनं तुला धरलेलं होतं.

पद्मजा: ठाऊक आहे. मी तुमच्याकडेच बघत होते.

श्यामसुंदर: आठ दिवस झाले. एका शब्दानं बोलली नाहीस.

पद्मजा: तुम्ही बोलाल म्हणून थांबले. ताटावरून अर्धपोटी उठत होतात, ते दिसत होतं मला.

श्यामसुंदर: ती बाई नसती तर... सकाळी तू चहा घेऊन आलीस, की मी मनातल्या मनात तिला नमस्कार करतो. रोज. हे कसं लिहायचं?

पद्मजा: जसं बोललात तसंच. हात सोडला, तेही लिहा. तिनं पाहिलंच आहे.

श्यामसुंदर: आणि तू? रागावली नाहीस?

पद्मजा: रागावले होते. अगदी आत्तापर्यंत. ते पेन ठेवा खाली. हात द्या इकडे.

श्यामसुंदर: अगं, दार उघडं आहे. शेजारचे बघतील.

पद्मजा: बघू देत.