बोअरमधला नारळ

चहा घ्या, आन् आमच्या आईचा प्रताप ऐका. गेल्या उन्हाळ्यात केंदूरच्या रानात आम्ही बोअर घेतला. वरचा मुरूम ढासळू नये म्हणून बोअरच्या गाडीवाल्यानं आधी केसिंग पाइप घातला, मग खाली खडक फोडत गेला. तीनशे फुटांवर पाणी लागलं. मोटार सोडायची तेवढी ऱ्हायली होती.

आई ओटीचं ताट घेऊन आली. हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले, आन् जुन्या विहिरीत टाकायची तसा नारळ सरळ पाइपात सोडला!

"आगं आई, आता मोटार कशी उतरायची?"

"आरं, विहिरीत टाकला की तुझे आप्पा उडी मारून काढायचे की."

गाडीवाला परमुलखातला. कपाळाला हात लावून म्हणाला, "माँजी, छह इंच के बोअर में कौन कूदेगा?"

आम्ही सगळे हसलो. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्यामागं विहिरीतला गाळ काढायला कुणी उतरलंच न्हाई. ती बुजली, म्हणून तर हा बोअर.

आई हसली न्हाई. पाइपावर हात ठेवून गाडीवाल्याला म्हणाली, "उडी मारणारा असता, तर तुला कशाला बोलावलं असतं, बाबा?"