नेत्रदानाचे वीस फॉर्म

...अन् वर मलाच म्हणतात, "राजश्री, तू आमच्या गल्लीतून कॉलेजला जात जाऊ नको बाई, मागच्या रस्त्यानं जा!" का? मी काय रेड्यावर बसून येऊन राहिले का? साधी सायकल हाय माझी! तरी मी दिसले की बाया लेकरं आत ओढतात, म्हातारे तर असे भिंतीला चिकटतात...

तुम्हाला सांगते, हे सगळं आमच्या एनएसएसच्या रामकिशन सरांमुळं. भर वर्गात उभं राहून म्हणले, "पोरांनो, संस्थांना मदत करायची म्हणजे देणगीच द्यावी लागते, असं कोण सांगितलं तुम्हाला? वेळ द्या, श्रम द्या! पैशाचं काम न्हाई, नुसतं तोंड हलवायचं!" आता वर्गातल्या उर्वीला काय मिळालं? झाडांना पाणी घालायचं. वरदला काय? अंधशाळेसाठी धडे वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायचे, तेबी घरी बसून, पंख्याखाली! अन् मला? नेत्रदान! लातूरच्या एका संस्थेचे वीस फॉर्म हातात दिले. अख्ख्या अहमदपुरात दारोदार फिरायचं अन् चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाला विचारायचं, मेल्यावर डोळे देता का म्हणून!

आई तेव्हाच म्हणली होती, "अगं, असलं अभद्र विचारायला जातेत का कुणाच्या दारात? चप्पल फेकून मारतील." चप्पल न्हाई मारली कुणी. चहा ठेवायचे, "बस की गं," म्हणायचे, अन् फॉर्म बाहेर काढला की चहा आतच राहायचा. एक मावशी म्हणल्या, "माझ्या पोराचं लगीन व्हायचंय अजून, अन् तू मला उचलायला आलीस?" एक काका म्हणले, "पुढच्या जन्मी आंधळा जन्मलो तर तू हात धरशील का?" मी म्हणलं, धरते! काय करता? पैशाचं काम न्हाई, नुसतं तोंड हलवायचं!

भांडून भांडून वीस सह्या झाल्या. पण फॉर्मवर शेवटची एक ओळ होती... तिथंच माती खाल्ली मी. 'मृत्यूची खबर देणाऱ्याचा मोबाईल नंबर.' कोणी देईना! एक आजी तर म्हणल्या, "सुनेचा नंबर देऊ? ती आजच खबर देईल!" मग मी काय केलं? वीसच्या वीस फॉर्मवर माझा नंबर टाकला. घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. अहो, म्हणजे कोण मेलं ते मीच हुडकायचं अन् मीच संस्थेला कळवायचं!

अन् सही केल्याच्या नवव्या दिवशी भीमाशंकर टेलरचे वडील गेले. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेबी दूधवाल्याकडून. अंत्यविधी झालेला, डोळे गेले. मी भेटायला गेले तर भीमाशंकर म्हणतो, "फॉर्म भरला अन् आठ दिवसांत बाप गेला माझा!" अहो, एक्क्याण्णव वर्षांचे होते ते! पण ऐकतं कोण? संध्याकाळपर्यंत गावभर झालं, राजश्रीच्या फॉर्मवर सही केली की माणूस आठवडा काढत न्हाई. मग आमच्या दारात हीऽऽ रांग! "माझं नाव खोड." "माझ्याबी नावावर काट मार." दोन दिवसांत अठरा नावं खोडली. विसात एक मेलेला, अठरा पळालेले. राहिला कोण? एकच. धोंडप्पा आजोबा.

चौऱ्याऐंशी वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं नांदेड गाडी चालवली, एक ओरखडा न्हाई गाडीला. मला म्हणले, "पोरी, इंजिन कामातून गेलं, पण लाईटी बघ की! अजून लांबचा पडतोय उजेड. भंगारात कशाला घालायच्या?" अन् मग हळूच म्हणले, "आमचा पोरगा शिवमूर्ती मास्तर हाय, पण भित्रा हाय. त्यो तुला खबर देणार न्हाई. तूच लक्ष ठेव माझ्यावर."

लक्ष ठेव! म्हणजे काय, रोज सकाळी त्यांच्या दारावरून जायचं अन् म्हातारा जिता हाय का बघायचं. ते ओट्यावर बसलेले असायचे. मला बघितलं की काठी वर करून ओरडायचे, "आज न्हाई गं! जा कॉलेजला!" सगळी गल्ली ऐकायची. कुणाच्या हातातलं पाणी सांडायचं, कुणी देवाचं नाव घ्यायचं. पाच महिने, तुम्हाला सांगते, पाच महिने! एकदा तर स्वतःच फोन केला, "सर्दी झालीय, जरा जवळपासच राहा." मामेबहिणीच्या लग्नाला किनवटला जायचं होतं, तर मी परवानगी मागायला गेले, "आजोबा, दोन दिवस जाऊ का हो?" त्यांनी स्वतःची नाडी धरली, डोळे मिटून विचार केला, अन् म्हणले, "जा. पण सोमवारी ये बरं का." लग्नात जेवण गेलं न्हाई मला. फोन वाजला की पंगत सोडून पळायची...

अन् मग एप्रिलमधे एक दिवस ओटा मोकळा. काठी भिंतीला टेकवलेली. घराचं दार सताड उघडं, आत बाया बसलेल्या. मी सायकल तिथंच टाकली. दारात शिवमूर्ती मास्तर, डोळे लाल. म्हणले, "आलीस? गिधाडाला बरोबर कळतं. चल, हो बाहेर."

साडेसात वाजले होते, आजोबा सहाला गेलेले. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतेत. सर म्हणतेत नुसतं तोंड हलवायचं... अन् माझं तोंडच उघडेना! रडू फुटलं हो, खरंच, सख्खे आजोबा गेल्यावाणी. तशीच रडत आत घुसले अन् पहिला पंखा बंद केला.

मग काय विचारता! एप्रिलातलं ऊन, चाळीस माणसं घामानं भिजलेली, अन् मी बटणाला पाठ लावून उभी! "पंखा लाव!" "न्हाई लावणार, डोळे सुकतेत!" आजोबांच्या पापण्या मिटल्या, वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. मास्तर ओरडले, "माझ्या बापाला फाडू देणार न्हाई मी!" मी म्हणलं, "फाडत न्हाईत हो मास्तर! नुसता पुढचा पडदा काढतेत, पंधरा मिनिटांत! चेहरा हाय तसाच राहतो!" ऐकेनात. घरच्यांची सही न्हाई तर फॉर्मला कोण विचारतं? नुसता कागद!

तेव्हा कोपऱ्यातून आजोबांच्या बायको, सगुणाबाई आजी बोलल्या. "शिवा, तुझा बाप रस्त्यात हात केलेल्या माणसाला कधी सोडून आला का रे? ही पोरगी पाच महिने झाले हात करून राहिली. थांबव गाडी." अन् माझ्याकडं बघून म्हणल्या, "कुठं करायची सही?"

मी लगेच संस्थेला फोन लावला, लातूरची गाडी दहाच्या आत आली. पंधरा मिनिटं. मास्तर आत गेले, बापाचा चेहरा बघितला, अन् बाहेर येऊन माझ्याशेजारी खालीच बसले. आठ दिवसांनी सरांचा फोन आला, "दोघांना दिसायला लागलं, राजश्री!" नाव सांगत न्हाईत. म्हणजे कुठंतरी दोन माणसं आजोबांच्या लाईटी लावून फिरून राहिलीत.

त्या संध्याकाळी आई भाकरी करता करता म्हणली, "माझाबी फॉर्म भर." मी म्हणलं, तूच तर अभद्र म्हणत होतीस! "भर म्हणले ना." वीस घरी भांडले हो मी, पण आईचं नाव लिहायची वेळ आली तर पेनाचं टोपणच लावत-काढत बसले... ती म्हणली, "लिही की गं, शाळा शिकलीस ना?" लिहिलं. मग मनात आलं, गावभर सह्या घेतल्या, माझा स्वतःचा कुठं हाय? काढला दुसरा फॉर्म. 'राजश्री' लिहिलं, वय एकोणीस लिहिलं, अन् आईनं पिठाच्या हातानं कागद हिसकून घेतला! "माझा भरलास ना? बास. तुझा न्हाई."

"आई, अगं ते मेल्यावर..." तर तवा असा आपटला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

फॉर्म ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हाय, तळाशी. मला माहीत हाय. मला माहीत हाय हे तिलाबी माहीत हाय. म्हणलं राहू द्या, डबा रिकामा झाला की काढते. तीन महिने झाले... माय माझी, डबा अर्धा व्हायच्या आधीच वरून पीठ ओतून राहिलीय!